मुलाच्या नोकरीतले गुपित आणि नागरिकाचे प्रश्न

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे. लग्नानंतर अमेरिकेत आलो आणि आता व्हर्जिनियात स्थायिक आहोत. दोन्ही मुलांचा जन्म इथलाच. मुलगा संगणक अभियंता असून त्याला एका खासगी कंपनीने नोकरी देऊ केली आहे. ड्रोनच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रीकरणातून वाहने, माणसे आणि त्यांच्या हालचाली आपोआप ओळखणारी प्रणाली ही कंपनी इथल्या संरक्षण खात्यासाठी तयार करते. त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याचा सरकारी परवाना, लागेल आणि एकदा तो मिळाला की ऑफिसात काय करतो हे तो आम्हालाही सांगू शकणार नाही. धाकटी मुलगी कायदा शिकते. ती त्याला म्हणते, ‘कोणाला मारले आणि कोणत्या कायद्याने मारले हे ज्या सरकारने वर्षानुवर्षे कोर्टातसुद्धा सांगितले नाही, त्याच्या कामाला तू हातभार लावणार?’ माझ्या यजमानांचे म्हणणे असे की सरकार गुप्तता पाळते त्यामागे काही कारण असतेच आणि युद्धातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या नसतात. सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते साताऱ्याहून फोनवर एवढेच सांगतात की शपथ घेतली की तोंडाला कुलूप. मुलगा सगळ्यांचे ऐकून घेतो आणि मूग गिळून बसतो. मी त्याला अडवू का? बरोबर कोणाचे? आणि पोटचा मुलगा दिवसभर काय करतो हे न कळता घरात वावरायचे कसे?
— एक आई, व्हर्जिनिया

उत्तर

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. मुलाला अडवू नका. तो सज्ञान आहे, आणि आईच्या शब्दाखातर सोडलेली नोकरी पुढे कित्येक वर्षे घरातच सलत राहते. मात्र सहीच्या आधी काही प्रश्न विचारल्याशिवाय त्याने ती नोकरी घेऊ नये, असेही माझे स्पष्ट मत आहे. ते प्रश्न कोणते, हे पुढे येईल. त्याआधी तुमच्या घरातल्या वादाबद्दल बोलले पाहिजे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे तुमचे सासरे आणि तुमची लेक एकमेकांचे खोडून काढतच नाहीत. दोघे निरनिराळ्या गुप्ततेबद्दल बोलत आहेत.

सुभेदारसाहेबांच्या डोळ्यांसमोर आहे ती शत्रूपासून राखायची गुप्तता. तुकडी कुठून निघणार, केव्हा निघणार, खबर कोणी दिली, यंत्र किती उंचीवरून किती स्पष्ट पाहू शकते, हे बाहेर फुटले तर आपली माणसे मरतात. या गोष्टी झाकलेल्याच असाव्यात आणि तुमची लेकही त्या मागत नसावी. ती विचारते आहे ते वेगळेच: माणूस ठार करण्याचा अधिकार सरकारने कोणत्या कायद्याखाली घेतला, तो कायदा कसा वाचला, मेलेल्यांत निरपराध किती होते आणि चूक झाली तर जबाब कोणी दिला. यांपैकी एकाही उत्तराचा शत्रूला डावपेचासाठी फारसा उपयोग नसतो. ही उत्तरे हवी असतात ती ज्यांच्या नावाने आणि ज्यांच्या करातून युद्ध चालते त्यांना. अमेरिकेत गेल्या दोन दशकांत ड्रोनवरून जे वादंग माजले ते प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या गुप्ततेवरून माजले, आणि तिथे तुमच्या लेकीचे पारडे जड आहे, असे मला वाटते.

तुमच्या यजमानांना मात्र हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून घडलेले थोडे तपशिलात मांडतो. घोषित युद्धभूमीच्या बाहेर अमेरिकेने केलेला पहिला ज्ञात ड्रोनहल्ला ३ नोव्हेंबर २००२ रोजी येमेनच्या मारिब प्रांतात झाला. वाळवंटातून जाणाऱ्या एका मोटारीवर क्षेपणास्त्र सोडण्यात आले आणि आतले सहाजण ठार झाले. त्यांत एक अमेरिकन नागरिकही होता. ही कारवाई गुप्त ठेवायची असे येमेनशी ठरलेले होते, तरी दोनच दिवसांत अमेरिकेच्या संरक्षण उपमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवर तिचे कौतुक केले. पुढे हाच परिपाठ पडला. २००९ साली सीआयएचे तत्कालीन प्रमुख लिऑन पॅनेटा यांनी जाहीर सभेत पाकिस्तानातील या मोहिमेची भलामण केली; पण नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने माहिती अधिकाराखाली कागद मागितले, तेव्हा त्याच सीआयएने उत्तर दिले की अशा नोंदी आमच्याकडे आहेत असेही आम्ही म्हणत नाही आणि नाहीत असेही म्हणत नाही. हे ठेवणीतले उत्तर १९७० च्या दशकातले आहे. समुद्रात बुडालेली सोव्हिएत पाणबुडी वर काढण्यासाठी सीआयएने ग्लोमार एक्स्प्लोरर नावाचे जहाज वापरले होते आणि त्याबद्दल विचारणा झाली तेव्हा ते पहिल्यांदा पुढे आले. म्हणून वकील मंडळी अजूनही त्याला ग्लोमार उत्तर म्हणतात. पाणबुडीच्या बाबतीत ते शोभले असेल. पण जी गोष्ट राष्ट्राध्यक्ष भाषणातून सांगतात, अधिकारी नाव न देण्याच्या अटीवर वार्ताहरांना सांगतात आणि जिच्या यशाचे श्रेय निवडणुकीत घेतले जाते, तीच न्यायाधीशांसमोर ‘आहे की नाही ते सांगता येत नाही’ होते, तेव्हा हे गुपित नेमके कोणापासून राखले जात आहे, असा प्रश्न पडतोच. मार्च २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हा पवित्रा फेटाळला. निकालपत्र मेरिक गार्लंड यांनी लिहिले होते, जे पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झाले.

तुमच्या लेकीने बहुधा ज्या खटल्यांचा अभ्यास केला असेल ते अन्वर अल्-अवलाकी या प्रकरणातले. हा माणूस निरपराध नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याबद्दल बोलताना पुष्कळ जण ते वगळतात. तो अमेरिकेत, न्यू मेक्सिकोत जन्मलेला नागरिक होता आणि येमेनमधून अल्-कायदासाठी काम करीत होता. २५ डिसेंबर २००९ रोजी डेट्रॉइटकडे येणारे विमान उडवण्याचा जो प्रयत्न फसला, त्यामागे त्याचा हात होता असे सरकारचे म्हणणे होते. त्याचे नाव ठार करावयाच्या व्यक्तींच्या यादीत असल्याचे वृत्तपत्रांतून आले, तेव्हा त्याच्या वडिलांनी, येमेनच्या माजी कृषिमंत्र्यांनी, २०१० मध्ये अमेरिकेच्याच न्यायालयात दाद मागितली. त्यांची मागणी अशी होती की आपल्या नागरिकाला खटल्याविना ठार करण्याचे निकष काय आहेत, एवढे तरी सरकारने जाहीर करावे. न्यायाधीशांनी प्रश्न गंभीर असल्याचे मान्य केले, पण वडिलांना दावा लावण्याचा अधिकार नाही आणि हा विषय न्यायालयाच्या कक्षेतला नाही, असे सांगून दावा काढून टाकला. ३० सप्टेंबर २०११ रोजी अवलाकी मारला गेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्याचा सोळा वर्षांचा मुलगा, जो कोलोराडोतल्या डेन्व्हरमध्ये जन्मला होता आणि वडिलांना शोधायला घरातून न सांगता निघाला होता, वेगळ्या हल्ल्यात ठार झाला. त्याला नेमून लक्ष्य केले नव्हते, एवढेच सरकारने सांगितले, आणि तेही मे २०१३ मध्ये.

मारण्याला आधार म्हणून न्याय खात्याने जे कायदेशीर मत तयार केले होते ते या सगळ्या काळात गुप्त होते. ते मिळवण्यासाठी न्यूयॉर्क टाइम्स हे वृत्तपत्र आणि एसीएलयू न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश कॉलीन मॅकमेहन यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला, पण तो देताना आपली अस्वस्थता लपवली नाही: सरकार स्वतःच्या कृतीला कायदेशीर ठरवते आणि त्याची कारणे मात्र गुप्त ठेवते, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट मला कायद्यात सापडत नाही, असा त्यांचा सूर होता. महिन्याभरातच त्या मताचा सारांश असलेला एक दस्तऐवज दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांच्या हाती लागला. अमेरिकेवरचा हल्ला ‘नजीकचा’ आहे असे मानण्यासाठी तो कधी आणि कुठे होणार याचा स्पष्ट पुरावा असण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. अपील न्यायालयाने आधीचा निकाल फिरवला आणि जून २०१४ मध्ये मूळ मत, काही मजकूर काळा करून, प्रसिद्ध झाले. तुमच्या यजमानांना एकच विचारा: ते प्रसिद्ध झाल्याने अमेरिकेच्या सुरक्षेचे नेमके काय बिघडले? त्यात कोणत्या खबऱ्याचे नाव नव्हते आणि कोणत्या तळाचा पत्ता नव्हता. होता तो सरकारने केलेला कायद्याचा अर्थ. कायद्याचा अर्थच जर गोपनीय असेल तर तो पाळला गेला की मोडला, हे ठरवायचे कोणी?

‘सरकारकडे काही कारण असेलच’ हा विश्वास मनाला बरा वाटतो, आणि पुष्कळदा खरेच कारण असतेही. पण अमेरिकन न्यायालयांत ज्या निकालावर राज्यगुपितांचा सारा डोलारा उभा आहे, त्याचीच कथा ऐका. १९४८ साली जॉर्जिया राज्यात वेक्रॉसजवळ हवाईदलाचे एक बी-२९ विमान कोसळले. त्यात गुप्त उपकरणाची चाचणी चालू होती. मेलेल्या तीन मुलकी अभियंत्यांच्या विधवांनी नुकसानभरपाई मागितली आणि अपघाताचा अहवाल मागवला. अहवाल दाखवला तर राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचेल, असे सरकारने सांगितले आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अहवाल स्वतः उघडूनही न पाहता ते मान्य केले. पुढे कागद खुले झाले आणि २००० साली त्या अभियंत्यांपैकी एकाच्या मुलीच्या वाचनात तो अहवाल आला. त्यात गुप्त उपकरणाचा तपशील नव्हता. इंजिनाने पेट घेतल्याचे आणि सांगितलेल्या दुरुस्त्या केल्याच नसल्याचे लिहिले होते. विधवांनी तोवर कमी रकमेवर तडजोड करून पन्नास वर्षे होत आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मुठीत निष्काळजीपणा होता.

आता आकड्यांविषयी, पण थोडक्यात, कारण आकड्यांच्या भांडणात मूळ प्रश्न हरवतो. १ जुलै २०१६ रोजी ओबामा सरकारने पहिल्यांदा हिशेब दिला. २००९ ते २०१५ अखेर, अफगाणिस्तान, इराक आणि सीरिया वगळून, ४७३ हल्ले झाले आणि त्यांत ६४ ते ११६ बिगर-लढवय्ये मेले, असे त्यात म्हटले होते. लंडनच्या ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमचा त्याच काळाचा अंदाज ३८० ते ८०१ असा होता. खरे काय, हे तुम्ही-मी ठरवू शकत नाही, कारण कोणत्या हल्ल्यात कोण मेले याचा तपशील सरकारने दिलाच नाही. १७ मार्च २०११ रोजी पाकिस्तानच्या उत्तर वझिरिस्तानातील दत्ता खेल येथे क्रोमाइटच्या खाणीचा तंटा सोडवण्यासाठी जिर्गा, म्हणजे टोळीप्रमुखांची पंचायत, भरली होती. तिच्यावर हल्ला होऊन चाळीसच्या आसपास माणसे मेली. गावचे लोक म्हणतात वडीलधारी मंडळी होती, अमेरिकन अधिकारी नाव न सांगता म्हणाले की अतिरेकी होते. हे मृत्यू वरच्या आकड्यात कोणत्या रकान्यात गेले? असा हिशेब दरवर्षी देण्याचा आदेश ओबामांनी काढला आणि मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांनी तो मागे घेतला. संसदेने केलेल्या कायद्यानुसार संरक्षण खात्याने द्यायचा वार्षिक अहवाल वेगळा आहे. तो वाचायची सवय तुमच्या लेकीने ठेवावी; मात्र सीआयएचे हल्ले त्यात धरलेले नसतात, हे ध्यानात असू द्यावे.

तुमच्या मुलाने ज्या घटनेचा सर्वांत बारकाईने अभ्यास करावा ती २९ ऑगस्ट २०२१ ची, काबूलमधली. तिचा संबंध थेट त्याच्या होऊ घातलेल्या कामाशी आहे. तीन दिवसांपूर्वी विमानतळाच्या दारात आत्मघाती स्फोट होऊन तेरा अमेरिकन सैनिक आणि दीडशेहून अधिक अफगाण लोक मेले होते. पुन्हा तसे घडणार अशी खबर होती आणि तिच्यात पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा उल्लेख होता. काबूलच्या रस्त्यांवर पांढऱ्या कोरोला किती असतात, हे तिथे गेलेल्या कोणालाही विचारावे. त्यांतल्या एका गाडीचा ड्रोनने सुमारे आठ तास माग काढला. गाडीचा चालक एका अमेरिकन मदत संस्थेत नोकरीला होता. तो दिवसभर सहकाऱ्यांना ने-आण करीत होता आणि घरी पाणी नव्हते म्हणून ऑफिसातून कॅन भरून नेत होता. वरून पाहणाऱ्यांना ते कॅन स्फोटके वाटले. सहकाऱ्यांच्या घरी थांबणे संशयास्पद वाटले. तो आपल्या अंगणात शिरला, घरची मुले धावत गाडीपाशी आली आणि क्षेपणास्त्र सुटले. दहाजण मेले, त्यांत सात मुले होती.

पुढचे पंधरवड्याहून जास्त दिवस संरक्षण खाते सांगत राहिले की गाडीत स्फोटके होती आणि लष्करप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल मिली यांनी हा हल्ला न्याय्य असल्याचे जाहीर केले. १० सप्टेंबरला न्यूयॉर्क टाइम्सने त्या माणसाच्या दिवसभराच्या फेऱ्यांचा कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावरून छडा लावून छापला आणि १७ सप्टेंबरला त्या भागातल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी चूक कबूल केली. नंतरच्या चौकशीत हवाईदलाच्या महानिरीक्षकांनी सांगितले की कोणी कायदा मोडला नाही. मात्र आधीच मनात धरलेल्या निष्कर्षाला जुळेल तेच पाहण्याची प्रवृत्ती कारणीभूत ठरली, आणि क्षेपणास्त्र सुटण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी चित्रीकरणात एक मूल दिसत होते, जे त्या घाईत सहज ध्यानात येण्यासारखे नव्हते. कोणालाही शिक्षा झाली नाही.

या प्रकरणाची एक बाजू मला नेहमी विचारात पाडते. सत्य बाहेर आले ते काबूल मोठे शहर होते, तिथे वार्ताहर होते आणि मृतांच्या घरच्यांनी जळालेल्या गाडीसमोर उभे राहून बोलण्याइतकी मोकळीक होती म्हणून. वझिरिस्तानात बाहेरच्या वार्ताहरांना जाताच येत नव्हते. तिथल्या किती हल्ल्यांच्या बाबतीत सरकारचा पहिला खुलासा हाच शेवटचा ठरला असेल? गुप्ततेचा पहिला फटका मृतांच्या नातेवाइकांना बसतो, हे खरेच. पण यंत्रणेच्या आत बसलेल्यांनाही तो बसतो. आपण ‘वाहन, संशयित’ अशी जी खूण केली ती चुकली होती, हे ज्याला कधी कळतच नाही तो तीच खूण उद्या पुन्हा करतो. तुमचा मुलगा अभियंता आहे. चुकीची नोंद ज्यापर्यंत परत येत नाही ती प्रणाली सुधारत नाही, हे त्याला मी सांगायला नको.

म्हणून त्याने मुलाखतीत हे विचारावे. आमची प्रणाली फक्त ‘ही गाडी, हे माणूस’ एवढे ओळखते, की कोणावर नजर ठेवावी तेही सुचवते? खात्री किती टक्के आहे, हे पडद्यासमोर बसलेल्या सैनिकाला दिसते का? मूल आणि मोठा माणूस यांतला फरक ओळखण्याची चाचणी कोण घेतो, कंपनीचेच लोक की बाहेरचे? प्रत्यक्ष वापरात चूक झाली तर ते आमच्या कानावर येते का? मला हे काम नको वाटले तर त्याच कंपनीत दुसऱ्या कामावर जाता येते का? काही प्रश्नांना ‘ते क्लिअरन्सनंतर’ असे उत्तर मिळेल आणि ते रास्तही असेल. पण प्रश्न विचारल्याबद्दलच कपाळाला आठ्या पडत असतील, तर तेवढे उत्तर त्याला पुरेसे असावे. असे विचारणे अगदीच जगावेगळे नाही. २०१८ साली, प्रोजेक्ट मेव्हन या नावाने संरक्षण खात्यासाठी ड्रोनच्या चित्रीकरणावर अशाच स्वरूपाचे काम चालू असताना, गूगलच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या करून त्याला हरकत घेतली आणि कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. प्रकल्प थांबला नाही, तो इतरांकडे गेला. काहींना यात सह्यांचा पराभव दिसतो. मला तसे वाटत नाही; कारण त्या पत्रामुळे हा विषय बंद खोलीतून बाहेर आला आणि आज तुमच्या जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा होऊ शकते.

एक गोष्ट मात्र मुलाला समोर बसवून सांगा. ‘आत काही भयंकर दिसलेच तर मी बाहेर फोडीन’ असे मनाशी ठरवून त्याने आत जाऊ नये. तुमच्याच राज्यात, अलेक्झांड्रियाच्या न्यायालयात, जुलै २०२१ मध्ये डॅनियल हेल या माजी हवाईदल विश्लेषकाला पंचेचाळीस महिन्यांची शिक्षा झाली. ड्रोनमोहिमेचे कागद त्याने वार्ताहराला दिले होते. ईशान्य अफगाणिस्तानातल्या एका मोहिमेत मेलेल्या दोनशेहून अधिक लोकांपैकी ज्यांना मारायचे ठरले होते ते अवघे पस्तीस होते, हे त्यांतूनच कळले. हे लोकांना कळणे आवश्यक होते, असे माझे मत आहे. पण ज्या कायद्याखाली त्याच्यावर खटला झाला तो १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आहे आणि जनहिताचा हेतू तो बचाव म्हणून मानत नाही. शत्रूला विकले नाही, लोकांना सांगितले, एवढ्याने सुटका होत नाही. कोणाच्या आईला मी हा मार्ग सुचवणार नाही. कायद्याने उघडे ठेवलेले प्रमुख दरवाजे दोन: खात्याचे महानिरीक्षक आणि संसदेच्या गुप्तचर समित्या. ते जड आहेत, उघडायला वेळ लागतो आणि आत गेलेली तक्रार कुठे पोहोचली ते पुष्कळदा कळत नाही. तरी सही करण्याआधी त्यांची नियमावली त्याने वाचून ठेवावी, आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला कोणते संरक्षण आहे हे बहिणीकडून समजून घ्यावे. भावंडांत बोलणे सुरू व्हायला तो बरा विषय ठरेल.

लेकीलाही एक प्रश्न विचारायला हवा, नाहीतर न्याय एकतर्फी होईल. ड्रोन नको तर काय? तोफा, लढाऊ विमाने किंवा रात्री घरात शिरणारे सैनिक यांनी कमी माणसे मारली आहेत, असे इतिहास सांगत नाही. तासन् तास थांबून पाहणारे यंत्र योग्य नियमांखाली वापरले तर जीव वाचवूही शकते. ओबामांनी २०१३ मध्ये जे धोरण आखले त्यात सामान्य माणूस मरणार नाही याची जवळजवळ खात्री असल्याशिवाय हल्ला करू नये, असा दंडक होता. आणि तरीही जानेवारी २०१५ मध्ये पाकिस्तान सीमेवरच्या हल्ल्यात अल्-कायदाच्या ताब्यातले दोन ओलीस, एक अमेरिकन आणि एक इटालियन, मारले गेले. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः माफी मागितली. ओलीस पाश्चात्त्य होते म्हणून मागितली, असे तुमची लेक म्हणेल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘यंत्रच वाईट’ या भूमिकेपेक्षा ‘यंत्र वापरणाऱ्याने जबाब द्यावा’ ही भूमिका कायद्याच्या विद्यार्थिनीला अधिक शोभते आणि न्यायालयात टिकतेही तीच. माहिती अधिकाराचा अर्ज तिथे कोणीही करू शकते, नागरिक असण्याचीही अट नाही; आणि तुमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पत्र लिहायला वकील लागत नाही.

सासऱ्यांशी वाद घालू नका. फक्त एवढे त्यांच्या कानावर घाला की आपल्या भारताच्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही देशाच्या सुरक्षेची माहिती देण्याची सक्ती नाही, पण त्याच कलम ८ मध्ये पुढे असेही म्हटले आहे की गुप्ततेने राखल्या जाणाऱ्या हितापेक्षा जनहित मोठे असेल तर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आड न येता माहिती देता येते. म्हणजे प्रश्न विचारणे हा निष्ठेचा अभाव नव्हे, हे खुद्द भारतीय संसदेने मान्य केले आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार केला आहे. तेव्हा आज व्हर्जिनियातल्या घरात चाललेला हा वाद साताऱ्यातल्या घरांतही येणार आहे. सुभेदारसाहेबांचे मत त्या वेळी मोलाचे ठरेल, कारण शपथ पाळण्याचा अनुभव त्यांना आहे आणि ती पाळताना कधी कोणाला प्रश्न विचारावासा वाटला होता का, हे नातवाला तेच सांगू शकतील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलगा काय करतो हे विचारू नका. आडून आडूनही नको. त्याने चुकून अर्धे वाक्य बोलून जावे अशी वेळ त्याच्यावर आणणे म्हणजे त्यालाच अडचणीत टाकणे. पण तो कसा आहे हे विचारण्यावर कोणताही कायदा बंदी घालत नाही. हजारो मैलांवरून पडद्यावर युद्ध पाहणाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो, हे अमेरिकन हवाईदलाने मान्य केलेले आहे. झोप उडाली, चिडचिड वाढली, जेवताना नजर दुसरीकडे राहू लागली, तर समुपदेशकाकडे जायला सांगा. मदत घेतली की क्लिअरन्स जातो, असा समज तरुणांत पक्का बसलेला असतो. केवळ समुपदेशन घेतले म्हणून तो सहसा जात नाही. आणि एखाद्या दिवशी त्याने येऊन ‘मी ही नोकरी सोडतो आहे’ असे सांगितले, तर कारण विचारू नका. ते सांगण्याची त्याला मुभा नसेल.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, जी अनेक भारतीय घरांतून राहून जाते. क्लिअरन्सच्या अर्जात परदेशातले नातेवाईक, त्यांच्याशी असलेला संपर्क, परदेश प्रवास आणि परदेशातली मालमत्ता यांची सविस्तर माहिती मागतात. भारतात आजोबा आहेत, ते सैन्यात होते, चुलत भावंडांशी रोज बोलणे होते, हे सगळे लिहावे. नातेवाईक असणे हा दोष नाही. ते लपवणे हा गुन्हा आहे. सासऱ्यांनी कौतुकाने साताऱ्याच्या जमिनीच्या सात-बारावर नातवाचे नाव चढवले असेल आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल, तर अर्ज भरण्याआधी तलाठ्याकडून उतारा मागवून घ्या. सरकार त्याच्याबद्दल काय काय विचारते ते त्याला त्या अर्जात बसल्या जागी दिसेल. आणि नोकरीच्या करारावर सही करण्याआधी वरचे प्रश्न त्याने कंपनीला जरूर विचारावेत.